तुम्ही विचारलंत म्हणून: बाई असून अथेन्सचं कौतुक कसं?

व्याख्यान संपलं की हा प्रश्न येतोच. बाई असून तुम्हाला अथेन्सचं एवढं कौतुक कसं? तिथे गुलाम राबत होते, बायकांना सभेत जागा नव्हती, पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या परक्यांना मत नव्हतं. मग कायद्यापुढची समता होती तरी कुणाची?

'त्या काळी सगळीकडे तसंच होतं' हे उत्तर मी देणार नाही. पूर्वी द्यायचे, आता ते मलाच पटत नाही. गुलामगिरी निसर्गाविरुद्ध आहे, निव्वळ बळजबरी आहे, असं मानणारी माणसं तेव्हाही होती. ॲरिस्टॉटलनं त्यांचं मत नोंदवलंय आणि मग ते खोडून काढायला बसलाय. म्हणजे प्रश्न त्यांना दिसत होता. अथेन्सच्या न्यायालयात गुलामाची साक्ष ग्राह्य धरायची तर ती छळ करून घेतलेली असावी लागे. हे वर्गात सांगताना आजही माझा आवाज बसतो.

तरीही कौतुक आहे. इ.स.पू. 508 च्या सुमारास क्लेइस्थेनिसनं नागरिकांची घराण्यांवरून होणारी विभागणी मोडून दहा नवे गट केले, प्रत्येकातून पन्नास जण घेऊन पाचशेंची परिषद बसवली. पुढे बहुतेक पदं चिठ्ठ्या टाकून भरली जाऊ लागली आणि पद सोडताना प्रत्येकाला हिशेब द्यावा लागे. याला ते आयसोनोमिया, म्हणजे कायद्यापुढची समता, म्हणत. पण मला धरून ठेवतो तो यातला एकच धागा: कुणाही नागरिकाचा निवाडा त्याचं स्वतःचं म्हणणं ऐकल्याशिवाय करायचा नाही. आणि तो मला कळला, तो तुटला त्या दिवसामुळे.

इ.स.पू. 406. आर्गिनुसायच्या समुद्रात अथेन्सनं स्पार्टाच्या आरमाराला हरवलं. पण आपली पंचवीस जहाजं गेली, आणि वादळ उठल्यामुळे बुडणाऱ्या खलाशांना वाचवता आलं नाही. आठ सेनापतींवर ठपका आला. दोघं परतलेच नाहीत, सहा जण परतले. सभेत एकानं सांगितलं, मी पिठाच्या पिंपाला धरून तरलो, बुडणारे मला ओरडून सांगत होते की सेनापतींनी आम्हाला सोडलं म्हणून सांग. मध्येच कुटुंबांचा सण आला, आणि सभेत सुतकाच्या वेशातली, केस कापलेली माणसं जमली. कॅलिझेनसनं ठराव मांडला: बचाव मागच्या सभेत ऐकून झालाय, आता सगळ्यांचा निकाल एकाच मतानं लावा.

युरिप्टोलेमस उभा राहिला. हा ठराव बेकायदा आहे असा रीतसर आक्षेप त्यानं घेतला. तेव्हा आरोळी उठली की लोकांना हवं ते करू न देणं हाच अनर्थ आहे. आक्षेप मागे घेतला नाही तर तुमचाही निवाडा सेनापतींबरोबरच करू, अशी धमकी आली. आक्षेप मागे घ्यावा लागला. सभेचं कामकाज चालवणारेही घाबरून ठराव मताला टाकायला तयार झाले, एक सॉक्रेटिस सोडून. तरी युरिप्टोलेमस बोलत राहिला. प्रत्येकाला वेगळा दिवस द्या, वेगळं ऐका, एवढंच तो मागत होता. आधी हात त्याच्या बाजूनं वर झाले. हरकत आली, पुन्हा हात मोजले गेले, बाजू उलटली. सहाही जणांना मारलं.

त्यांत अथेन्सचा मोठा पुढारी पेरिक्लीस आणि त्याची जोडीदार अस्पाशिया यांचा मुलगा होता. आईबाप दोघंही अथेन्सचे असतील तरच नागरिकत्व, हा कायदा त्याच्याच बापानं केलेला. अस्पाशिया बाहेरची, म्हणून या मुलाला खास सवलतीनं नागरिक करून घेतलं होतं. आणि नागरिकाला मिळायचं ते त्याला शेवटी मिळालंच नाही.

माझे वडील कारखान्यात होते. संपानंतर एका कागदावर नावांची यादी लागली आणि सगळे एकदम घरी बसले. नोकरी गेली याहीपेक्षा 'मला कुणी विचारलंच नाही' हे त्यांना जन्मभर सलत राहिलं. हा खटला मी इतक्या पोटतिडकीनं का शिकवते, ते यावरून कळेल.

आता तुमच्या गुलामांकडे येते. त्याच लढाईत वल्ही मारायला माणसं कमी पडली म्हणून गुलामांना जहाजांवर चढवलं होतं, आणि त्याबद्दल त्यांना स्वातंत्र्य मिळालं. भिंतीला दार होतं, गरज पडली तेव्हा उघडलं. मग एरवी ते बंद ठेवलं ही निवड होती, आणि तिचा दोष मी अथेन्सच्याच पदरात टाकते.

पुढची गोष्ट याहून अवघड आहे. इ.स.पू. 403 मध्ये तीस जुलमी सत्ताधाऱ्यांना घालवून लोकशाही परत आली. सभेचा ठराव कायद्यापेक्षा मोठा नाही, असा नियमही झाला. आर्गिनुसायचा धडा ते शिकले, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. पण त्याच सुमारास, लोकशाही परत आणणाऱ्यांचा पुढारी थ्रासिब्युलस यानं प्रस्ताव आणला होता, की पिरेयस बंदराहून आपल्या बाजूनं लढत आलेल्या सगळ्यांना नागरिक करावं. त्यांत गुलामही होते. आर्किनसनं तो बेकायदा म्हणून पाडला. आक्षेप त्याच जातीचा, युरिप्टोलेमसच्या हातून हिसकावून घेतला होता तोच. या वेळी तो टिकला.

कायदा पाळला गेला आणि माणसं बाहेर राहिली. मी त्या सभेत असते तर कुणाच्या बाजूनं हात वर केला असता? थ्रासिब्युलसच्या, असं पटकन म्हणावंसं वाटतं. मग वडिलांची ती यादी आठवते, आणि गर्दीला आज आवडलं म्हणून कायदा बाजूला सारायला मन धजत नाही. शिवाय मी त्या सभेत असतेच कशी?