दहा, दहा, दहा

"सर, उत्तर किती यायला हवं?" आज बीएस्सी पहिल्या वर्षाच्या टायट्रेशनच्या प्रॅक्टिकलला (म्हणजे ॲसिडमध्ये अल्कली थेंब थेंब सोडून किती लागतं ते मोजायचं), ब्युरेट, म्हणजे मापाच्या खुणांची तोटीवाली काचनळी, भरायच्याही आधी आलेला हा प्रश्न. जर्नलमध्ये तीन रीडिंग्ज आधीच लिहिलेली: १०.०, १०.०, १०.०.

सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. म्हणून ते कितीही नीट तोललं तरी द्रावण नेमकं ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे द्रावणाच्या ताकदीचं एकक) होत नाही. त्यासाठीच तर १०० मिलीत ०.६३ ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून त्यावरून आधी सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाची खरी ताकद काढायची. १० मिली ॲसिडला ब्युरेटमधलं हे द्रावण १०.३ मिली लागलं, तर ते ०.०९७ नॉर्मल. ही चूक नव्हे, हेच उत्तर! ब्युरेटच्या टोकात अडकलेला बुडबुडा मध्येच सुटला, तर मात्र रीडिंग फुगतं. ॲसिडमध्ये घातलेल्या दर्शकाचा (इंडिकेटरचा) फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. नंतर तो उडतो, तेही हवेतल्या त्याच वायूमुळे.

शिक्षकाने स्वतः ब्युरेट हातात घ्यावी, आलेलं १०.३ फळ्यावर तसंच लिहावं. पोरं लगेच विचारतात, "का आलं?" खरा तास तिथून सुरू होतो.

तुमच्या कॉलेजात १०.३ लिहिणाऱ्याला पूर्ण मार्क मिळतात का?