शेवाळाला बारा कॅप्सूल

वरुडपासून थोडं आत, संत्र्याच्या बागांमधल्या एका गावातल्या दवाखान्यात खाऱ्या पाण्याची ४०० लिटरची रीफ टाकी, म्हणजे जिवंत प्रवाळांचं मत्स्यालय आहे. मुंबईचा समुद्र इथून सातशे किलोमीटरहून लांब. पण डॉक्टरांना हौस दांडगी, आणि नंबर लागेपर्यंत पेशंटही जोकरमासे बघत बसतात. देखभालीला मी नागपूरहून जातो.

मे महिन्यात बोलावणं आलं. खडकांवर हिरवं रान माजलं होतं. साधं केसाळ शेवाळ आहे, गोगलगायी सोडा, असं डॉक्टरांना कुणीतरी सांगितलेलं. भिंगातून पाहिलं तर काडीकाडीला दोन्ही बाजूंनी पिसासारखे फाटे. म्हणजे ब्रायोप्सिस. याला गोगलगायी सहसा तोंड लावत नाहीत, आणि उपटलं तर मागे राहिलेल्या तुकड्यातून पुन्हा फुटतं.

मी औषधाचं नाव घेतलं आणि डॉक्टर हसायलाच लागले. फ्लुकोनाझोल! घामोळल्या दिवसांत गजकर्ण घेऊन येणाऱ्यांना ते रोज हेच लिहून देतात. ब्रायोप्सिसवर ते चालतं, हे मत्स्यालयवाल्यांनीच वापरून पाहिलेलं. लिटरला साधारण ५ मिलिग्रॅम. खडक-वाळूची जागा वजा जाता पाणी ३५० लिटर धरलं. १५० मिलिग्रॅमच्या १२ कॅप्सूल झाल्या. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी दोनदा वाचली. औषध शोषून घेणारा कार्बन काढला, फेसातून घाण वेगळी करणाऱ्या स्किमरचा कप काढून नुसती हवा चालू ठेवली, पूड टाकीच्याच पाण्यात कालवून ओतली. प्रवाळांना याचा सहसा त्रास होत नाही. पुढे दोन-तीन आठवडे धीर धरायचा, बस.

मला खटकत होतं ते वेगळंच. मासे मोजके, त्यांचं खाणंही बेताचं, तरी किटच्या नळीत नायट्रेट, म्हणजे शेवाळाचं खाद्य, लिटरला ४० मिलिग्रॅमच्या रंगाला गेलेलं. शेवाळ एवढं पोसलं कशावर? आटलेल्या पाण्याची भर कशानं करतोस, असं कंपाउंडरला विचारलं.

"आरोचंच टाकून राहिलो ना भाऊ. तुमच्या मशीनीतलं रेझिन संपलं, तं पेशंटच्या आरोतलं घेतलं. मस्त गोड हाय पानी."

रेझिन म्हणजे आरोतून सुटलेले उरलेसुरले क्षार धरणारे दाणे. पाणी गोड होतं, तीच गोची. पिण्याच्या आरोत बऱ्याचदा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो. पाणी बेचव लागू नये म्हणून गाळलेल्या पाण्यात थोडं कच्चं पाणी परत सोडणारा व्हॉल्व्ह. टीडीएसचा मीटर लावला, १६०. रीफच्या भरीला शून्य लागतो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात टाकीतलं पाच-सहा लिटर पाणी रोज उडतं. वाफ जाते, नायट्रेट मागे राहतं, आणि भरीबरोबर नवं येतं.

मग बोअरचं कच्चं पाणी तपासलं. नळी गडद लाल, तक्त्यावर १०० च्या खणाला टेकलेली. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅमची. बागांना टाकलेला युरिया, शेणखत, गावातले शोषखड्डे, सगळ्यातलं नायट्रेट पाण्याबरोबर खाली मुरतं. उकळूनही जात नाही. पाणी आटतं तसं उलट वाढतं.

डॉक्टरांचं हसू गेलं होतं. "किटमध्ये अजून किती तपासण्या होतील?" एवढंच त्यांनी विचारलं आणि कंपाउंडरला पिटाळलं. आधी बाटलीनं दूध पिणारी बाळं असलेली घरं, मग हापशी. अशा पाण्यात पावडरचं दूध कालवलं तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद घटते, बाळ निळं पडू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी आजवर या आकड्याकडे फक्त शेवाळाचं खाद्य म्हणून बघत होतो. हापशीची नळीही लाल झाली. मत्स्यालयाच्या किटवर गावाचा निवाडा करू नका, असं मी बजावलं. त्यांनी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेसाठी नमुने वेगळे भरून ठेवले.

ब्रायोप्सिस तिसऱ्या आठवड्यात पांढरं पडून सुटलं. रेझिन नवं भरलं. हापशीचा अहवाल मर्यादेबाहेरचा आला. डॉक्टरांनी त्याची प्रत ग्रामपंचायतीला दिली आणि पेशंटच्या आरोचा व्हॉल्व्ह स्वतःच्या हातानं पूर्ण बंद केला. कंपाउंडर अजून कुरकुरतो, "पानी पयल्यासारखं लागत नाही भाऊ."