कोड बरोबर, तरी बीम ताठ का? चार नोडच्या एलिमेंटचा माझा अनुभव

स्वतः लिहिलेला फायनाइट एलिमेंट कोड (वस्तूचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, करून त्यांच्या कडांवरच्या बिंदूंची, म्हणजे नोडची, हालचाल काढणारा) मोठ्या मॉडेलला लावण्याआधी मी त्याला एक कॅन्टिलिव्हर, म्हणजे एका टोकाला पक्का धरलेला बीम, सोडवायला देतो. लांबी १००० मिमी, उंची १००, जाडी ५०, टोकाला १००० न्यूटन, ई (पदार्थाचा ताठपणा) २ लाख मेगापास्कल, पॉयसन रेशो (ताणल्यावर आडवं किती आकसतं ते प्रमाण) ०.३. टोक किती खाली जातं (डिफ्लेक्शन), हे उत्तर कागदावरच निघतं: बेंडिंगमुळे ०.४ मिमी, शिअरमुळे (थर एकमेकांवर सरकल्यामुळे) त्यात जेमतेम ०.००३ची भर. मिमी-न्यूटन-मेगापास्कल ही तिकडी मोडायची नाही. पुढे डायनॅमिक्सला गेलात तर घनताही टनातच द्यायची. किलो टाकले की फ्रिक्वेन्सी ३२ पट कमी येते.

असेंब्लीआधी, म्हणजे एलिमेंट एकत्र जोडण्याआधी, एकाच एलिमेंटच्या ८ × ८ स्टिफनेस मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू (कोणत्या हालचालीला किती विरोध होतो ते आकडे) काढतो. तीन शून्य हव्यात: दोन सरकण्याच्या, एक फिरण्याची. जेकोबियनचा (आदर्श चौकोनातून खऱ्या एलिमेंटच्या आकारात नेणाऱ्या मॅट्रिक्सचा) डिटर्मिनंट ऋण आला तर नोड घड्याळाच्या दिशेने लागलेत, क्रम उलटा करायचा.

मग पाच एलिमेंट, प्रत्येकी २०० × १००, उंचीत एकच. २ × २ गॉस पॉइंट (एलिमेंटच्या आत जिथे हिशोब करून बेरीज घेतात ते बिंदू) घेतले की उत्तर येतं ०.१५ मिमी! रिॲक्शनची बेरीज मात्र चोख १००० न्यूटन. इथे बग शोधत बसण्यात अर्थ नाही, हे शिअर लॉकिंग आहे. चार नोडच्या एलिमेंटच्या कडा सरळच राहतात. त्यामुळे शुद्ध बेंडिंगमध्ये जो शिअर स्ट्रेन (शिअरमुळे होणारा आकारातला बदल) असायलाच नको, तो मध्यापासून दूर जावं तसा वाढतो आणि फुकटची ऊर्जा खातो. एलिमेंट किती पट ताठ होतो, हे हातानेही काढता येतं. पहिलं पद १/(१−०.३²), म्हणजे १.१०. दुसरं, लांबी-उंची गुणोत्तराचा वर्ग भागिले २(१+०.३), गुणोत्तर २ असल्याने १.५४. बेरीज २.६४, आणि ०.४ला २.६४ने भागलं की तेच ०.१५. गुणोत्तर १० असतं तर एलिमेंट जवळपास ४० पट ताठ झाला असता.

एकच गॉस पॉइंट घेतला तर मध्यावर खोटा शिअर शून्य होतो खरा, पण बेंडिंगचा स्ट्रेनही तिथे शून्यच. आठ डिग्री ऑफ फ्रीडम (चार नोड, प्रत्येकी दोन दिशा), तीन स्ट्रेन. म्हणून शून्य आयगेनव्हॅल्यू पाच होतात, त्यातल्या दोन आवरग्लासच्या, म्हणजे एलिमेंट काहीच विरोध न करता वाळूच्या घड्याळासारखा वेडावाकडा होण्याच्या. फक्त शिअर एका पॉइंटवर आणि बाकीचं चारवर घेतलं तर १.१० तेवढं उरतं, डिफ्लेक्शन ०.३६वर येतं. विल्सन आणि सहकाऱ्यांचे १९७३चे इनकम्पॅटिबल मोड (एलिमेंटला वाकता यावं म्हणून घातलेले जादा आकार) आयताकृती मेशवर ०.४च्या अगदी जवळ नेतात. मेश तिरकी असेल तर १९७६ची दुरुस्ती घालावीच लागते, नाहीतर पॅच टेस्ट (सगळीकडे सारखा असलेला ताण अचूक येतो का, ही चाचणी) नापास. मी सहसा या भानगडीत न पडता आठ नोडचा एलिमेंट २ × २ पॉइंटवर वापरतो.

स्ट्रेस (आतला ताण) नोडवर नाही, गॉस पॉइंटवर वाचतो. आधाराजवळचा पहिला पॉइंट आधारापासून ४२ मिमीवर आणि मध्यरेषेपासून २९ मिमीवर येतो. तिथल्या आकड्याची तुलना कडेच्या १२ मेगापास्कलशी नव्हे, ६.६शी करायची.