दोन्ही टोकांना दहाची केबल, आणि मधे?

मी वायरिंगची कामं करतो. परवा एकांनी बोलावलं, म्हणाले शॉवर चालू केला की जळल्यासारखा वास येतो पण आता ट्रिप वगैरे (ब्रेकर आपोआप बंद पडणं) काही होत नाही. ते "आता" ऐकूनच माझे कान टवकारले. म्हटलं आधी व्हायचं का? तर हो, जुना 7 किलोवॅटचा इलेक्ट्रिक शॉवर काढून 9.5 चा बसवला तेव्हापासून दुसऱ्या माणसाची आंघोळ अर्ध्यात आली की ब्रेकर पडायचा, अंगाला साबण आणि पाणी गार. मग कोणीतरी येऊन 32 अँपिअरचा ब्रेकर काढून 50 चा लावून गेला, त्रास संपला.

आता हिशोब सोपा आहे, 7 किलोवॅट भागिले 230 म्हणजे 30 अँपिअर, तो 32 वर निवांत चालतो. 9.5 हा आकडा लेबलवर 240 व्होल्टला दिलेला होता, म्हणजे 39-40 अँपिअर; घरात व्होल्टेज थोडं कमी, म्हणून प्रत्यक्षात 38-39. 32 चा एमसीबी, म्हणजे तोच ब्रेकर, 38-39 ला लगेच पडत नाही, तापत तापत बऱ्याच वेळाने पडतो, म्हणून पहिल्याची आंघोळ व्हायची आणि दुसरा अडकायचा. म्हणजे ब्रेकर बिचारा बरोबरच होता, फक्त त्याचं कोणी ऐकलं नाही.

डीबी, म्हणजे ब्रेकरची पेटी, उघडली, 50 च्या ब्रेकरमधून दहा स्क्वेअर एमएमची जाडजूड केबल निघालेली. शॉवरचं कव्हर काढलं, तिथेही दहाची. खरं सांगतो, मी दोन मिनिटं गंडलो. दहाची केबल उघड्यावर 60 अँपिअरच्या वर सहज घेते, मग वास कुठून? आयसोलेटरचं (शॉवरचा वेगळा मेन स्विच) टर्मिनल ढिलं असेल म्हणून तेही कसून बघितलं, ठीक होतं.

मग शॉवर फुल चालू करून मीटर लावला. डीबीवर 236 व्होल्ट, शॉवरच्या टर्मिनलवर 227. नऊ व्होल्ट मधल्यामधे गायब! अंतर 18 मीटरच्या आसपास, दहाच्या केबलमधे तेवढ्यात तीनच्या आसपास जायला हवेत. क्लॅम्प मीटर (वायरभोवती लावून करंट मोजणारा) 37-38 अँपिअर दाखवतोय, म्हणजे नऊ गुणिले तेवढे, तीनशेच्या वर वॉट उष्णता होऊन कुठेतरी छतात मुरतायत. तिथेच शॉवर बंद केला, एमसीबी पाडला आणि सांगितलं की हे आज परत चालू करायचं नाही. घरातल्या काकू रागावल्या, गार पाण्याने कोण आंघोळ करणार म्हणून, पण माझा नाइलाज होता.

छतात चढलो. इन्सुलेशनची (उष्णता अडवणारी) गादी बाजूला केली तर डीबीकडून दीडेक मीटरवर जॉइंट, आणि तिथून पुढे जुनी चार स्क्वेअर एमएमची केबल! शॉवरजवळ परत जॉइंट करून दहाचा तुकडा. कोणी केलं, मुद्दाम की आळसाने, माहीत नाही, पण दिसेल तेवढंच जाड ठेवलेलं. त्यात ती चारची केबल गादीत चारी बाजूंनी गाडलेली, अशी गाडली की तिची क्षमता निम्म्यावर येते, उघड्यावर 37 घेणारी तिथे 18 च्या आसपास. वर जुन्या शॉवरच्या 30 वरून 38 वर गेलं की उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे दीडपटीहून जास्त. एका जॉइंटचं प्लास्टिक वितळून काळं पडलेलं, वायरचं कव्हर बोटाने दाबलं की बिस्किटासारखं तुटत होतं.

त्यांनी विचारलं, आरसीडी आहे ना आमच्याकडे? 30 मिलीअँपिअरचा होता, चांगला होता, पण तो करंटची जमिनीकडे होणारी गळती बघतो, केबल तापतेय हे त्याला कळत नाही. आणि 50 चा एमसीबी 38 ला कशाला पडेल.

दुसऱ्या दिवशी एकसंध दहाची केबल टाकली, गादीतून न नेता भिंतीवरून क्लिपा मारत नेली, मधे एकही जॉइंट नाही, आणि 50 काढून 40 चा ब्रेकर. शॉवर चालू करून परत मोजलं, साडेतीन व्होल्ट.

निघताना म्हटलं तो आधीचा 32 चा ब्रेकर असेल तर दाखवा. ड्रॉवरमधून आणून दिला, वर चिकटपट्टीवर पेनने लिहिलेलं, "खराब".