तलावपाळीवरची तिसरी रात्र: निकॉन डी७०० आणि कॅनन ५डी मार्क टू

मंडळी, रात्रीच्या अंधारात माझा निकॉन डी७०० चांगला की मित्राचा कॅनन ५डी मार्क टू, हे आम्ही ठाण्याच्या तलावपाळीवर तपासतोय. आधीच्या दोन फेऱ्यांचे सगळे फोटो मी डिलीट करून टाकले. पहिल्या वेळी माझ्या डी७०० वर माझी ५० मिमीची लेन्स होती आणि मित्राच्या ५डी मार्क टू वर त्याची ५०, म्हणजे बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) बाजूलाच राहिली आणि आम्ही लेन्स तपासत बसलो. दुसऱ्या वेळी दोघांनी जेपेग (कॅमेऱ्यानेच प्रक्रिया केलेले फोटो) काढले आणि त्याच्या कॅमेऱ्यात नॉइज रिडक्शन (फोटोतले दाणे पुसणारी सोय) चालू राहिलं होतं, मग सावल्या मेणासारख्या गुळगुळीत दिसणारच. अशा फोटोंवरून दोन्हीतल्या एकाही कॅमेऱ्याबद्दल काही बोलणं बरोबर नाही.

म्हणून यावेळी लेन्स एकच. निकॉनमध्ये माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी आहे, कॅननमध्ये ४४ मिमी, त्यामुळे मधे अडीच मिमी जाडीची साधी धातूची चकती टाकली की निकॉनची लेन्स कॅननवर इन्फिनिटीपर्यंत, म्हणजे अगदी लांबच्या वस्तूपर्यंत, नीट फोकस होते. उलटं करायला गेलं तर मधे काच घालावी लागते आणि काच आली की तुलना बाद. माझी ५० एफ १.८ ही जुनी डी टाइपची, तिला अपर्चर (उजेड आत येण्याचं भोक) लहानमोठं करायची रिंग आहे, म्हणून हे जमलं. कॅननला समोर कुठली लेन्स आहे ते कळतच नाही, अपर्चरच्या जागी ०० दाखवतो, पण रिंग फिरवली की पाती खरोखर मिटतात. निकॉनवर मात्र रिंग एफ ८ ला आणल्याबरोबर वरच्या डिस्प्लेवर एफईई ही चूक दाखवणारी खूण लुकलुकायला लागली आणि शटर पडेना, मग कस्टम मेनूत जाऊन अपर्चर रिंगवरून घ्यायला सांगितलं तेव्हा चाललं. ज्यांना हे करून बघायचंय त्यांनी ही सेटिंग घरीच करून निघा.

शनिवारी रात्री गडकरी रंगायतनच्या बाजूने कठड्याजवळ ट्रायपॉड लावला. समोर तलावातलं देऊळ, त्याचे दिवे, आणि दिव्यांच्या मधल्या पाण्याचे काळे पट्टे, मला हे काळं पाणीच हवं होतं. बोटी थांबेपर्यंत बसून राहिलो, कारण पाणी हललं की काही कळत नाही. दोन्हीकडे रॉ (सेन्सरचा कच्चा डेटा), व्हाइट बॅलन्स एकच, कॅमेरा हलू नये म्हणून मिरर लॉक आणि केबल रिलीज, लाँग एक्स्पोजरचं नॉइज रिडक्शन बंद, फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये झूम करून देवळाच्या कडेवर. एफ ८ हे अपर्चर कायम ठेवून आयएसओ (सेन्सरचा सिग्नल किती वाढवायचा ते) २०० ला ८ सेकंद, १६०० ला १ सेकंद, ६४०० ला पाव सेकंद. शिवाय एक जास्तीचा फोटो मुद्दाम अंधारा काढला, आयएसओ २०० आणि १ सेकंद. तो का ते पुढे येतंच.

घरी रॉथेरपी या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही उघडले, शार्पनिंग आणि नॉइज रिडक्शन शून्यावर. ६४०० चे फोटो १०० टक्क्यांवर (फोटोचा एक पिक्सेल म्हणजे स्क्रीनचा एक) बघितले तर डी७०० सरळ पुढे, कॅननमध्ये रवा सांडल्यासारखे दाणे. इथेच बहुतेक जण थांबतात आणि निकाल लावून मोकळे होतात. पण डी७०० चा फोटो ४२५६ पिक्सेल रुंद आहे आणि कॅननचा ५६१६, दोन्ही सेन्सर फुल फ्रेम (आकाराने सारखेच), म्हणजे १०० टक्क्यांवर कॅननचा तुम्ही जास्त मोठा प्रिंट बघताय. कॅननचा फोटो ४२५६ ला आणला आणि दाणे इतके बसले की मित्राला फाइलचं नाव झाकून विचारलं तर त्याला त्याचाच कॅमेरा ओळखता आला नाही. फरक राहिला तो डिटेलमध्ये. मूळ साइजला कॅननमध्ये किनाऱ्याला लावलेल्या बोटीवरचा रंगवलेला आकडा वाचता येतो, निकॉनमध्ये तिथे काहीतरी रंगवलंय एवढंच कळतं. २१ मेगापिक्सेलचा हा फायदा अगदी खरा आहे, मी निकॉनवाला असूनही मान्य करतो.

आता तो अंधारा फोटो. आयएसओ २०० चा १ सेकंद आणि १६०० चा १ सेकंद, दोन्हीत सेन्सरवर पडलेला उजेड अगदी सारखाच, फरक फक्त आयएसओचा. २०० वाला सॉफ्टवेअरमध्ये ३ स्टॉप, म्हणजे आठपट, उजळ केला. निकॉनमध्ये खरखर थोडी वाढली, पण ती सगळीकडे सारखी, डोळ्याला खुपत नाही. कॅननमध्ये मात्र काळ्या पाण्यात उभ्या रेघा आल्या, हातमागावरच्या ताण्यासारख्या, एकीला लागून एक, आणि साइज कमी करूनही त्या गेल्या नाहीत, कारण दाणे विखुरलेले असतात म्हणून एकमेकांत मिसळून जातात, रेघ सलग असते ती राहते. त्याच कॅननचा १६०० वाला फोटो बघा तर त्याच पाण्यात रेघा जवळपास नाहीतच. हे असं होतं कारण त्या काळच्या कॅननमध्ये सेन्सरच्या नंतरच्या सर्किटमध्ये बराच नॉइज येऊन मिसळतो, आयएसओ वाढवला की सिग्नल त्या सर्किटच्या आधीच मोठा होतो, मग मागून मिसळणारा नॉइज त्यापुढे छोटा पडतो. म्हणजे हायलाइट (उजळ भाग) वाचवायला कमी आयएसओवर काढून नंतर सावल्या उचलायची सवय डी७०० वर चालते, ५डी मार्क टू वर महागात पडते. तिथे हिंमत करून आयएसओ वाढवा आणि एक्स्पोजर पूर्ण द्या. मित्र इतकी वर्षं रात्री ६४०० ला घाबरून २०० वर काढत होता, त्याच्या जुन्या फोटोंमधल्या रेघांचं कारण त्याला रविवारी पहाटे दोन वाजता कळलं आणि आम्ही दोघं किती तरी वेळ ते जुने फोटोच उघडून बघत बसलो.

रंगांचं यावेळी लिहीत नाही. देवळाच्या पिवळ्या दिव्यांत निळ्या चॅनेलला उजेडच कमी मिळतो, तिथे रंगांवर बोलणं न्याय्य होणार नाही. त्यासाठी नेरुळला टीएस चाणक्यच्या पाणथळीवर सकाळी फ्लेमिंगो घ्यायचे ठरलेत, लहान रोहितचा (फ्लेमिंगोलाच मराठीत रोहित म्हणतात) गडद गुलाबी आणि मोठ्याचा फिका, एकाच फ्रेममध्ये मिळाले तर उत्तम.

आणि ठाणे, कळवा, ऐरोली भागात कोणाकडे कॅनन ६डी असेल तर कळवा. त्यात सावल्या कितपत स्वच्छ येतात ते याच पाण्यावर बघायचंय. लेन्स आणि चकती माझ्याकडे आहे, तुम्ही फक्त बॉडी आणि चार्ज केलेली बॅटरी घेऊन या.