तुम्ही विचारलंत म्हणून: शुगर असून तूप कसं चालतं?

हळदीकुंकू असो की दवाखान्यातला बाकडा, प्रश्न ठरलेला: “शुगर हाय म्हणतीस अन् भाकरीवर एवढं तूप खायलीस? पोटातल्या लेकराचा तरी इचार कर.” लेकरू आता अंगणात पळतंय, प्रश्न चालूच आहे.

माझी शुगर तुमच्या सासऱ्यांच्या शुगरसारखी नाही. मला सिस्टिक फायब्रोसिस आहे. या आजारात अंगातले स्राव घट्ट होतात. छातीत कफ अडकतो तसं स्वादुपिंडही बुजत जातं. मग इन्सुलिन कमी पडतं आणि पाचक रस आतड्यात पोचत नाहीत. जेवताना एन्झाइमच्या कॅप्सूल घेऊनही खाल्लेलं पूर्ण अंगी लागत नाही, आणि वजन घटलं की फुप्फुसंही ढासळतात. म्हणून खाणं कमी करायचं नाही, खाण्याला पुरेल एवढं इन्सुलिन टोचायचं. गरोदरपणात वारेतल्या हार्मोन्समुळे कुणाचंही इन्सुलिन कमी काम करतं. माझ्याकडे मुळातच तुटवडा. रक्तातली साखर उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर तासाभराने १४० च्या आत राहायचं आणि वजनही वाढवायचं. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, आमच्यात फसवा कमी येऊ शकतो, त्यामुळे बोटं टोचून साखर बघत राहायची.

खरं सांगते, १६० दिसलं की मलाही पुढचं जेवण टाळावंसं वाटायचं.

आता डोहाळेजेवणाचं ऐका. लातूरकडचा मे महिना, अंगावर फुलांचे दागिने, बायका गाणी म्हणताहेत. ताट वाढायला घेतलं तसं आतल्या खोलीत जाऊन मी इन्सुलिन घेतलं, दोन पुरणपोळ्या आणि भाताच्या हिशेबाने. बाहेर येते तर ताट बदललेलं! चुलतसासूबाईंनी पोळ्या उचलून काकडी आणि मटकीची उसळ ठेवली होती. “हिला शुगर हाय, गोड देऊ नका.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हणाले, “काकू, इंजेक्शन झालंय माझं, आता खावंच लागतंय.” “अगं, इंजेक्शन घेतलंस ना, मग झालं की!” तेवढ्यात ओटी भरायला सुरुवात झाली. मला घाम फुटला. उन्हाळ्यात तो सगळ्यांनाच फुटलेला, कोण बघतंय? हात थरथरायला लागले, समोरच्या बायकांचे चेहरे विरघळल्यासारखे दिसायला लागले. नणंदेने साखर मोजायचं मशीन आणलं. ५२. इंजेक्शन आत, जेवण नाही, साखर पार खाली. तिने पाण्यात साखर ढवळून तोंडाला लावली तेव्हा मागून आवाज आला, “बघा, पुरणाच्या नुसत्या वासानं चक्कर आली!”

लग्न ठरलं तेव्हाची मी म्हणायचे, पाहुण्यारावळ्यांना आजार सांगू नये, जन्मभर ‘खोकल्याची पोरगी’ म्हणतील. सांगितलं असतं तर ताट राहिलं असतं का? पण शुगर आहे एवढं काकूंना माहीत होतं म्हणूनच तर ते गेलं. अर्धं सांगावं, पूर्ण सांगावं की गप्प बसावं, मला अजून ठरवता येत नाही.

बाळंतपणानंतर डोस उतरले, इन्सुलिन सुटलं नाही. माझ्या आजाराचा जनुकातला दोष नवऱ्याच्या तपासणीत सापडला नव्हता, लेकरू फक्त वाहक आहे, म्हणजे दोष माझ्याकडून आलाय, आजार नाही. तेही तुम्ही विचारतच होतात ना?

आता धाकट्या जावेला गरोदरपणात शुगर निघालीय. “ताई, तुम्ही खात होतात, मग मी पण तूप खाऊ का?” तिला म्हटलं, माझं ताट बघू नकोस, तुझ्या डॉक्टरांना विचार. आता काकू म्हणतात, बघा, स्वतः खाल्लं आणि जावेला नाही म्हणते.