तुम्ही विचारलंत म्हणून : गुण आला का?

रंकाळ्याच्या कठड्यावर बसलेलो असताना, शाहूपुरीतल्या जुन्या दुकानावर चहाला थांबलो असताना, इतकेच काय पण भाचीच्या लग्नात पंगतीला बसलेलो असतानाही मला एकच प्रश्न विचारला जातो : “दिवाणजी, त्या प्रयोगाच्या औषधाचा गुण आला का वं?” विचारणाऱ्याला हो किंवा नाही एवढेच ऐकायचे असते, आणि समोर ताट वाढलेले असताना त्याहून मोठे उत्तर देताही येत नाही. म्हणून ते येथे लिहून ठेवतो.

गुळाच्या अडत दुकानात मी 38 वर्षे दिवाणजी होतो. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला, आणि निघाला तेव्हाच तो यकृतात पोहोचलेला होता. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपीचे दोन वेगवेगळे क्रम झाले. पहिल्या क्रमातल्या ऑक्झॅलिप्लॅटिनने बोटांची टोके बधिर झाली, ती अजून तशीच आहेत. नोटा मोजताना दोन एकदम सरकतात आणि कळत नाही, ही केवढी नामुष्की आहे हे दिवाणजीलाच ठाऊक. दुसऱ्या क्रमानंतरही गाठी वाढत राहिल्या, तेव्हा कोल्हापुरातल्या माझ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की उरलेल्या औषधांकडून फार अपेक्षा ठेवता येणार नाही. हिंडते-फिरते आहात तोवर मुंबईकडे पहिल्या टप्प्याच्या एखाद्या चाचणीत जागा मिळते का ते पाहू. ‘हिंडते-फिरते’ या शब्दाचे महत्त्व मला नंतर समजले. स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्या रुग्णालाच अशा चाचणीत सहसा घेतात, आणि रक्त, यकृत, मूत्रपिंड, हृदय यांच्या तपासण्यांत बसला नाही तर तोही परत पाठवला जातो.

पहिल्या टप्प्यातला मुख्य प्रश्न मात्रेचा असतो. प्राण्यांवर तपासलेले औषध माणसाला किती द्यावे, ते रक्तात किती वेळ राहते आणि कोणत्या मात्रेला शरीर तक्रार करू लागते, हे शोधायचे असते. इतर आजारांच्या औषधांसाठी हे काम बहुधा निरोगी माणसांवर होते. कर्करोगावरची औषधे विषारी असू शकतात म्हणून येथे रुग्ण घेतात, तेही नेहमीचे उपचार संपत आलेले. माझ्या चाचणीत तिघातिघांच्या तुकड्या होत्या. पहिल्या तिघांना अगदी कमी मात्रा देऊन अठ्ठावीस दिवस पाहायचे, गंभीर त्रास कोणालाच झाला नाही तर पुढच्या तिघांना वरची मात्रा द्यायची; तिघांत एकाला झाला तर त्याच मात्रेवर आणखी तिघे घ्यायचे, आणि सहांत दोघांना झाला तर थांबून खालच्या पायरीवर यायचे. मी तिसऱ्या पायरीवर होतो.

दुकानातल्या मित्रांना मी हे गुऱ्हाळाच्या भाषेत सांगितले. गुळव्या काहिलीतला उकळता पाक थोडासा पाण्यात सोडतो आणि त्याची गोळी होते का ते बोटांनी पाहतो. ती वेळ चुकली तर सगळे आधण बिघडते. मित्रांना ते लगेच पटले. मला मात्र ही उपमा पुढे खटकू लागली, कारण गुळव्याच्या बोटांना मागच्या वीस हंगामांची सवय असते, आणि माझ्या हातात ठेवलेल्या गोळीची मात्रा माझ्या तुकडीआधी कोणत्याही माणसाच्या पोटात गेलेली नव्हती.

संमतिपत्र मराठीत सव्वीस पानांचे होते. भाषांतर करणाऱ्याने मृत्यूलाही ‘प्रतिकूल घटना’ म्हटले होते. मी ते दोन रात्री वाचले, समासात पेन्सिलीने खुणा केल्या आणि सतरा प्रश्न काढले. रेणू नवा असेल आणि रुग्ण असाध्य आजाराचा असेल तर संमतीची प्रक्रिया कॅमेऱ्यासमोर नोंदवावी लागते, असा आपल्याकडे नियम आहे. तरुण डॉक्टरीणबाईंनी कॅमेरा सुरू करून विचारले, “काका, ही चाचणी कशासाठी आहे, तुमच्या शब्दांत सांगा.” मी म्हणालो, “मात्रा ठरवण्यासाठी.” त्यांनी पुढे विचारले, “तुम्हाला यातून फायदा होईल, असं आम्ही म्हटलंय का?” मी “नाही” म्हणालो. शेजारी बसलेल्या माझ्या लेकीने त्या वेळी खिडकीबाहेर पाहिले, आणि ते नोंदीत आलेले नसणार, कारण कॅमेरा माझ्याकडे होता.

माझी सर्वांत लांब खूण भरपाईच्या पानावर होती. चाचणीमुळे रुग्ण दगावला तर द्यायच्या रकमेचे सूत्र 2019 च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्यांविषयीच्या नियमांत, सातव्या अनुसूचीत दिलेले आहे : 8 लाख रुपये ही मूळ रक्कम, तिला वयाच्या गुणकाने आणि जोखमीच्या गुणकाने गुणायचे आणि 99.37 ने भागायचे. हा 99.37 आला कोठून, याने मला एक अख्खा दिवस छळले. वयाचे गुणक कामगार भरपाईच्या कायद्यातून घेतलेले आहेत आणि 65 किंवा त्याहून अधिक वर्षांच्या माणसाचा गुणक 99.37 आहे, हे सापडले तेव्हा ताळेबंद जुळल्याचे समाधान वाटले. माझे वय तोपर्यंत 66 झालेले होते, म्हणजे वयाचा प्रश्नच मिटला. राहिला जोखमीचा गुणक : निरोगी स्वयंसेवकाला 4, सहा महिन्यांहून अधिक पण दोन वर्षांपर्यंत जगण्याची अपेक्षा असलेल्याला 1, आणि सहा महिन्यांच्या आतल्याला 0.5. हिशेब सरळ होता. माझ्या वयाचा निरोगी माणूस 32 लाखांचा, आणि मी 8 किंवा 4. लेकीला हे अमानुष वाटले. मला ते तसे वाटले नाही; माल किती शिल्लक आहे ते पाहून दर ठरवण्यात माझा जन्म गेला आहे. पण मी 8 मध्ये की 4 मध्ये, हा माझा अठरावा प्रश्न मी विचारला नाही.

आता गुण येण्याविषयी. अमेरिकेतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पाठबळाने 1991 ते 2002 या काळात झालेल्या पहिल्या टप्प्याच्या 460 चाचण्यांचा, म्हणजे सुमारे 12 हजार रुग्णांचा, आढावा 2005 साली प्रसिद्ध झाला. गाठी लक्षणीय आक्रसलेले रुग्ण 10.6 टक्के होते आणि औषधाच्या विषारीपणाने दगावलेले 0.49 टक्के. त्यांतही एकट्या नव्या केमो-औषधाच्या चाचण्या वेगळ्या काढल्या तर 10.6 चे 4.4 होतात. हे आकडे मला सांगितले गेले, समजले, मी ते डायरीत उतरवले, आणि सही करताना मनात मी स्वतःला त्या चारांतच धरले होते. संमतिपत्र समजणे आणि आशा न धरणे ही दोन कामे एकच आहेत असे मानणाऱ्याने एकदा त्या खुर्चीवर बसून पाहावे. त्यातच ओळखीच्या लोकांनी बातम्या पाठवल्या : आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्राने मिळून विकसित केलेली सीएआर-टी पेशींची (म्हणजे रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून त्याला परत देण्याची) उपचारपद्धती, 2021 च्या जूनमध्ये तिचा पहिला रुग्ण, 2023 च्या ऑक्टोबरमध्ये तिला परवानगी. बातमी खरी होती, अभिमानाचीही होती. पण ती पद्धती रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या काही कर्करोगांसाठी आहे, आणि माझ्या आतड्याशी तिचा संबंध नाही, हे प्रत्येकाला समजावताना दमछाक झाली.

पुढचे थोडक्यात सांगतो. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघून पहाटे कळंबोलीला उतरायचे आणि कोपरखैरण्याच्या भाच्याकडे मुक्काम करायचा. तो वाशीच्या बाजार समितीत असल्याने गुळाचे दर तरी समजत. पहिल्या दिवशी गोळी घेण्याआधी, अर्ध्या तासाने, मग एक, दोन, चार, सहा, आठ तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, असे आठ वेळा रक्त घेतले. आयुर्वेदिक काढे आणि अर्क यांना सक्त मनाई होती, त्यामुळे गल्लीतून आलेल्या चार बाटल्या पत्नीने कपाटात लपवल्या आणि पाठवणाऱ्यांना “घेत्यात की” असे सांगितले. जुलाब आणि थकवा मला होताच, पण चाचणीच्या मोजमापात गंभीर ठरण्याइतका नव्हता. माझ्या तिघांत एकाचे यकृत बिघडले, म्हणून आणखी तिघे आले. नवी माहिती मिळाल्याने संमतिपत्राची सुधारित प्रत निघाली आणि मी पुन्हा सही केली. ती सही पहिलीपेक्षा जड गेली, कारण पहिल्या वेळी धोका कागदावर होता, आणि आता तो समोरच्या खाटेवरून उठून गेलेला माणूस होता.

आठव्या आठवड्याच्या स्कॅनमध्ये गाठींच्या व्यासांची बेरीज 84 मिलिमीटरवरून 80 झाली. पत्नीने अंबाबाईची ओटी भरली. डॉक्टर म्हणाले की 30 टक्के घट झाली तरच तिला प्रतिसाद म्हणतात, याला ‘स्थिर’ म्हणायचे. सोळाव्या आठवड्यात 82, म्हणजे तेही स्थिरच. चोविसाव्या आठवड्यात 101. सर्वांत कमी आकड्यावर 20 टक्के वाढ झाली की चाचणीतून बाहेर काढतात. 80 वर ही मर्यादा 96 येते, आणि अहवाल हातात पडताच मी ती बेरीज डॉक्टरांच्या आधी केली होती. गोळ्यांची उरलेली बाटली मोजून परत घेतली. एकोणीस होत्या.

ते पाच-साडेपाच महिने औषधाने दिले की माझ्या आजाराची चालच तशी होती, हे एका माणसाच्या आकड्यांवरून ठरवता येत नाही. नंतर आलेल्या तिघांतही एकाला गंभीर त्रास झाला, त्यामुळे आमची पायरी जास्त ठरली आणि पुढच्या टप्प्यासाठी तिच्या खालची मात्रा निश्चित झाली, असे डॉक्टरांनी फोनवर सांगितले. म्हणजे माझी मात्रा आता कोणालाच देणार नाहीत.

सध्या मी वेदना कमी करणाऱ्या उपचारांवर घरी आहे आणि रंकाळ्याला अर्धी फेरी होते. चाचणीच्या कार्यालयातून दर तीन महिन्यांनी एक मुलगी फोन करते. तिच्या तक्त्यात एकच रकाना भरायचा असतो, रुग्ण हयात आहे की नाही, पण तसे विचारणे तिला जमत नाही, म्हणून ती गुळाचा दर विचारते. गेल्या वेळी मी बाहेर होतो. पत्नीने फोन उचलला आणि म्हणाली, “हाईत की! रंकाळ्याला गेल्यात. दर ते आल्यावर सांगतील, तवर तुमचं लिवून घ्या.”